तिसरीच्या वर्गाचे कपाट

दुसऱ्यासाठी पुस्तक निवडणे हे दुसऱ्यासाठी चष्मा निवडण्यासारखे आहे. आपल्याला ज्या काचेतून लख्ख दिसते तीच काच दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे धरली तर त्याला अंधुक दिसते, आणि मग दोष काचेचा की डोळ्याचा असा वाद आपण करीत बसतो. ही साधी गोष्ट मला पन्नाशी उलटल्यावर कळली; आणि ती शिकविण्याचे श्रेय दिंडोशीच्या एका प्राथमिक शाळेतील तिसरीच्या वर्गाकडे जाते.

गेल्या वर्षी जून महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी माझ्याकडे आली. महाविद्यालयात असताना ती माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसे. आता ती दिंडोशीतील एका मराठी शाळेत तिसरीच्या मुलांना शिकविते. कोणा गृहस्थाने तिच्या वर्गासाठी गोष्टींची पुस्तके घ्यावयास पंधरा हजार रुपये दिले होते. "सर, पुस्तकं तुम्हीच निवडून द्या. तुमच्याइतकं वाचलेलं माझ्या ओळखीत दुसरं कोणी नाही," ती म्हणाली. अशा स्तुतीला नकार देण्याइतके वैराग्य माझ्या अंगी नाही. शेक्सपिअर आणि मिल्टन तरुणांच्या गळी उतरविणाऱ्या माणसाला आठ वर्षांच्या मुलांची पुस्तके निवडणे अवघड ते काय जाणार? दोन संध्याकाळी बसून मी यादी तयार केली. ती करताना मला जो आनंद झाला तो पुढे मुलांच्याही वाट्याला आला असता, तर हे लिहिण्याचे कारण पडले नसते.

यादीत इसापनीती होती, पंचतंत्र होते, साने गुरुजींची 'श्यामची आई' होती, थोर पुरुषांची डझनभर चरित्रे होती. ह्यांतील बहुतेक पुस्तके माझ्या लहानपणी आमच्या घरी होती, आणि कित्येकांचे मुखपृष्ठ अजूनही माझ्या डोळ्यांसमोर आहे. वस्तुतः मी तिसरीच्या मुलांसाठी यादी केलीच नव्हती. साडेचार दशकांपूर्वीच्या एका मुलाला मी पुन्हा एकवार खाऊ आणून दिला होता.

ऑगस्टमध्ये मी शाळा पाहावयास गेलो. पश्चिम द्रुतगती महामार्ग आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर ह्यांच्या बेचक्यात दिंडोशी वसली आहे. एका अंगाला १९४९ साली स्थापन झालेली आरे दुग्धवसाहत, तिच्या शेजारी १९७७ साली उभी राहिलेली चित्रनगरी. मधल्या जागेत तीस-चाळीस मजल्यांचे मनोरे आणि त्यांच्या पायथ्याशी चाळी व झोपड्या. २०२२ सालापासून महामार्गावरून मेट्रोही धावू लागली आहे. शाळेतील मुले ह्याच चाळींतून आणि आरेतल्या पाड्यांवरून येतात. कोणाचे आईबाप कोकणातले, कोणाचे मराठवाड्यातले, कोणी वारली. दोघातिघांच्या घरी तर मराठी बोलतही नाहीत. चौतीस मुले आणि चौतीस घरची बोली, असे म्हटले तरी चालेल.

माझी पुस्तके एका लोखंडी कपाटात कण्याशी कणा लावून उभी होती आणि दुकानातून आली तितकीच कोरी करकरीत होती. मी खिन्न झालो. "आजकालच्या मुलांना वाचनाची गोडीच नाही," असे म्हणावयास मी तोंड उघडणार तोच बाईंनी (मुले तिला बाई म्हणतात आणि त्या दिवसापासून मीही तिला मनातल्या मनात बाईच म्हणू लागलो) एक मुलगी पुढे बोलाविली. तिच्या हाती माझ्या यादीतील एक चरित्र दिले आणि मधलेच पान उघडून वाचावयास सांगितले. जो शब्द अडेल त्याला एक बोट मिटावयाचे, असा नियम. तिसरी ओळ संपण्यापूर्वीच मुलीची मूठ मिटली. "स्वातंत्र्यसंग्रामातील" ह्या एकट्या शब्दापुढे ती जणू घाटाच्या पायथ्याशी उभी राहावी तशी उभी राहिली. मिटलेली मूठ माझ्याकडे दाखवीत ती ओशाळवाणे हसली. मला मात्र हसू आले नाही.

"पाच बोटं मिटली तर ते पुस्तक तिनं एकटीनं वाचायचं नाही," बाई म्हणाली. "पण ते वाईट आहे असं नाही, सर. ते मी वाचून दाखवायचं."

आणि खरोखरच तिने त्याच मुलांना 'श्यामची आई'तील एक प्रसंग वाचून दाखविला तेव्हा वर्ग चिडीचूप झाला. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेलेले आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेले ते पुस्तक. त्यातला श्याम आपल्या आठवणी लिहीत नाही, रोज रात्री आश्रमातील मंडळींना त्या सांगतो. ते आधी कानांसाठी आहे, हे मला इतक्या वर्षांत सुचले नव्हते. आठ वर्षांच्या मुलाचा कान त्याच्या डोळ्यापेक्षा कितीतरी पुढे गेलेला असतो. जे त्याला ऐकून समजते ते सारे त्याला अजून वाचून समजत नाही. मराठीत तर जोडाक्षरांची आणि लांबलचक समासांची आणखी भर. म्हणून बाईने माझ्या पुस्तकांचे तीन ढीग केले होते: वाचून दाखवावयाची, बरोबर बसून वाचावयाची आणि मुलांनी एकट्याने वाचावयाची. पहिला ढीग कमरेइतका उंच होता. तिसऱ्यात चार पुस्तके होती.

घरी परत येताना मी विचार करू लागलो की ही चूक माझ्या एकट्याची आहे काय? मराठीत मुलांसाठी छापील पुस्तके निघू लागली त्यालाही आता दोनशे वर्षे होत आली. सदाशिव काशीनाथ छत्रे ह्यांची इसापनीती १८२८ साली निघाली. त्यांचे 'बालमित्र' हे बर्क्विन नावाच्या फ्रेंच लेखकाच्या पुस्तकाचे इंग्रजीवरून केलेले भाषांतर. इंग्रजी अमलातील शाळांना पुस्तके हवी होती आणि ती लवकर हवी होती. तेव्हा विद्वानांनी हाताशी होते ते मराठीत आणले, आणि त्याबद्दल त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु मुलाने काय वाचावे हे वडीलधाऱ्यांनी ठरवावयाचे आणि गोष्टीच्या शेवटी तात्पर्य जोडावयाचे, ही रीतही त्यांच्याबरोबर आली ती आली. पुढे १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे ह्यांनी मुलांसाठी मासिक काढले आणि त्याचे नाव ठेवले 'आनंद'. बोध नव्हे, नीती नव्हे, ज्ञान नव्हे, आनंद! हे नाव ठेवणाऱ्याला काय म्हणावयाचे होते ते मला, त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, एका मुलीच्या मिटलेल्या मुठीकडे पाहून समजले.

ह्यानंतर मी दर शनिवारी शाळेत जाऊ लागलो. एके दिवशी बाई भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट वाचून दाखवीत होती. वाघाचे चित्र आले तेव्हा पाड्यावरून येणारा एक मुलगा, जो एरवी तोंडातून शब्द काढीत नसे, एकदम म्हणाला, "असा नसतो वाघ."

"मग कसा असतो?" बाईने पुस्तक मिटले.

"बोलत नाही. बघतो आणि जातो. आमच्याकडं वाघोबाचं ठाणं आहे. आजी म्हणते, त्याचं रान आहे, आपण संध्याकाळी एकटं फिरायचं नाही."

दिंडोशीच्या आसपास बिबट्या येतो ही बातमी आम्ही वर्तमानपत्रात वाचतो. ह्या मुलाने तो पाहिला होता, आणि त्याच्या घरी ते जनावर एकाच वेळी भीतीचे आणि पूजेचे होते. त्या दिवशी गोष्ट अर्धीच राहिली. वर्गातील निम्म्या मुलांपाशी बिबट्याची एकेक हकीकत निघाली. कोणाचे कुत्रे नेले होते, कोणाच्या मामाला रात्रपाळीहून येताना रस्त्यावर डोळे चमकताना दिसले होते. बाईने त्यांचीच वाक्ये फळ्यावर लिहिली, मुलांनी ती कागदावर उतरून काढली, चित्रे काढली, आणि सुईदोऱ्याने शिवून बारा पानांचे पुस्तक तयार केले. तिसरीच्या कपाटातील सर्वांत अधिक वाचले गेलेले पुस्तक ते. त्याची पाने आता मऊ पडली आहेत, आणि एकटा वाचताना पाच बोटे मिटावी लागतील असे मूल वर्गात एकही नाही.

टॉल्स्टॉयने आपल्या गावी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा चालविली होती. लिहावयास कोणी कोणाकडून शिकावे, मुलांनी आमच्याकडून की आम्ही मुलांकडून, असा प्रश्न त्याने १८६२ साली एका लेखाच्या मथळ्यातच विचारला, आणि पुढे १८७२ साली त्या मुलांसारख्यांसाठी स्वतः वाचनपुस्तक रचले. मी त्याच्या कादंबऱ्यांवर व्याख्याने देत आलो. हा लेख मात्र माझ्या दृष्टीने किरकोळ होता. अमेरिकेतील प्राध्यापिका रुडीन सिम्स बिशप ह्यांनी १९९० साली असे म्हटले की मुलांसाठी पुस्तक हे कधी खिडकी असते, कधी आरसा. मी दिंडोशीच्या मुलांना खिडक्याच खिडक्या नेऊन दिल्या होत्या, आणि त्याही त्यांचा हात न पोहोचेल इतक्या उंचीवर. आरसा एकही नव्हता. अर्थात नुसते आरसे लावलेल्या घरातही कोणाला राहवणार नाही; मुलांना दोन्ही हवे.

उरलेल्या पैशांची दुसरी यादी बाईने आणि मी मिळून केली. ह्या वेळी पुस्तकांच्या दुकानात मी लेखकाचे नाव पाहण्यापूर्वी पान उघडून पाहू लागलो. अक्षर मोठे आहे काय? ओळ एका श्वासात संपते काय? चित्र आणि मजकूर एकाच पानावर आहेत, की मुलाला मागे-पुढे करावे लागते? घरात आई कामाला जाते, आजी गावी असते, पाणी ठरलेल्या वेळी येते, असे काही ह्या पुस्तकांत घडते काय? माधुरी पुरंदरे ह्यांची 'राधाचं घर' ही पुस्तके आम्ही घेतली. लेखणी आणि कुंचला एकाच हातात असला म्हणजे शब्दाला चित्राशी भांडावे लागत नाही. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातील आणि प्रथम बुक्सची स्वस्त पुस्तके घेतली, कारण फाटले तर फाटू दे असे म्हणता आले पाहिजे. विंदा करंदीकरांची १९६१ सालची 'राणीची बाग' मोठ्याने म्हणावयास घेतली. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक एका रद्दीवाल्याकडे मिळाले. आणि कपाटाला रामराम ठोकून पुस्तके भिंतीवर दोरी बांधून चिमट्यांनी टांगली, म्हणजे कणा न दिसता तोंड दिसेल.

ही मांडामांड चालली असताना बाईने सहज विचारले, "सर, तुमची मुलगी लहान असताना तिच्यासाठी कोणती पुस्तकं घेतली होती?"

ह्या प्रश्नाला उत्तर देणे मला कठीण गेले. माझी मुलगी आज सव्वीस वर्षांची आहे. ती इंग्रजी शाळेत शिकली. मी तिला रोज रात्री वाचून दाखविले, परंतु सारे इंग्रजीत. घरात मराठी बोलतोच आहोत, वाचावयास ती आपोआप येईल, अशी माझी समजूत होती. भाषा आपोआप बोलता येते. वाचता येत नाही. माझी आई गावाहून नातीला पत्रे लिहीत असे. तिचे अक्षर वळणदार होते, पण मुलगी पत्र उघडी आणि माझ्या हाती देई. "बाबा, तुम्हीच वाचा." मला त्यात कौतुक वाटे. आई गेली त्याला सहा वर्षे झाली. पत्रे एका डब्यात आहेत, आणि ज्या मुलीच्या नावाने ती लिहिलेली आहेत तिला ती अजून कोणाच्या तरी तोंडून ऐकावी लागतात. दुसऱ्यांच्या मुलांनी मराठीतून काय वाचावे ह्याची यादी करावयास मी निघालो होतो, आणि माझ्या घरातली तिसरी इयत्ता तशीच राहून गेली होती. ह्यात शाळेचा दोष नाही, काळाचा नाही. निवड माझी होती.

बाईला मी एवढेच सांगितले की तिच्यासाठी मराठी पुस्तके मी निवडलीच नव्हती. ती काही बोलली नाही. दिवाळीच्या सुटीनंतर पुस्तकांवर क्रमांक घालावयास मदत हवी होती, तेव्हा मी मुलीला बरोबर नेले. दोन तासांनी पाहतो तो क्रमांक घालण्याचे काम थांबलेले, आणि ती कोपऱ्यात लहानशा बाकावर बसून मुलांनी केलेले बिबट्याचे पुस्तक ओळीखाली बोट धरून वाचीत होती. मी पलीकडे जाऊन दोरीच्या गाठी तपाशीत राहिलो. परतताना मेट्रोत तिने विचारले, "बाबा, आजीची पत्रं कुठं ठेवली आहेत?"

२००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत वाचनालय असावे आणि त्यात गोष्टींची पुस्तकेही असावीत असे सांगितले आहे. ही मोठीच गोष्ट आहे. परंतु कायद्याने कपाट येते. त्याची किल्ली फिरविणारा हात कायद्याने येत नाही. पुस्तक हरवले तर नोंदवहीत काय लिहावयाचे, ही शिक्षकाची भीती खोटी नसते, आणि त्या भीतीनेच किती पुस्तके कुलपात कोरी राहतात कोण जाणे.

मार्चअखेर बाईने मोजदाद केली. एकशे बेचाळीसपैकी सात पुस्तके नाहीशी झाली होती. तिने मला हे अगदी अपराधी स्वराने सांगितले. त्यांतले एक रत्नागिरीकडच्या एका खेड्यात आजीपाशी राहिले आहे असे नंतर कळले. नातीने ते दिवाळीत वाचून दाखविण्यासाठी नेले होते, आणि आजीने ते परत दिले नाही. मी बाईला म्हटले की नोंदवहीत त्याच्यापुढे 'हरवले' असे लिहू नये. मग काय लिहावयाचे, असे तिने विचारले. ह्याचे उत्तर आम्हा दोघांनाही अजून सापडलेले नाही. तो रकाना कोराच आहे.