समर्पणाची रोजची रीत : नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती घरांचा अनुभव

आपली इच्छा, आपले द्रव्य आणि आपला मानपान देवाच्या स्वाधीन करणे म्हणजे समर्पण, असा अर्थ ख्रिस्ती भक्तिजीवनात रूढ आहे. परंतु ही स्वाधीनता बाप्तिस्म्याच्या, म्हणजे पाण्याने होणाऱ्या दीक्षाविधीच्या, एका दिवसात पुरी होते की ती रोजच्या प्रपंचात पुन्हा पुन्हा करावी लागते, या प्रश्नाचे उत्तर धर्मशास्त्राच्या ग्रंथांपेक्षा अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील ख्रिस्ती घरांच्या अनुभवात अधिक स्पष्टपणे सापडते. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे उघडले आणि १८४२ मध्ये येथूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागले. पुढे खेडोपाडी ज्या मंडळ्या, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती समाज, उभ्या राहिल्या, त्यांतील बहुसंख्य कुटुंबे महार आणि मांग समाजांतून आलेली होती. गावाने पिढ्यान्‌पिढ्या वाकायला लावलेल्या या माणसांना ‘नम्र व्हा’ हा उपदेश करणे सोपी गोष्ट नव्हती, आणि तो त्यांनी कसा समजून घेतला हे पाहिल्याशिवाय या जिल्ह्यातील भक्तीचे मर्म हाती लागत नाही.

याच प्रश्नाची दुसरी बाजू रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या संसारात दिसते. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका अनोळखी युरोपियन सहप्रवाशाने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला, त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला मात्र त्या दिवसापासून वियोग, नातलगांचा आक्रोश आणि पंढरपुरातील मुक्काम आला. काही वर्षांनी त्या पतीकडे नगरला परतल्या, तरी सोवळे, म्हणजे स्वयंपाक आणि पाणी यांविषयीचे शुद्धाशुद्धतेचे नियम, त्यांनी सोडले नाही. ख्रिस्ती पतीच्या शेजारी त्यांची चूल आणि त्यांचे पाणी वेगळेच राहिले. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच झगडून सोडवला, बाप्तिस्म्याच्या आधीच सर्वांच्या हातचे अन्नपाणी घ्यायचे ठरवले आणि मगच, १९०० मध्ये, राहुरीस त्या ख्रिस्ती झाल्या.

पतीच्या बाप्तिस्म्यानंतरची ही पाच वर्षे या विवेचनात सर्वांत महत्त्वाची ठरतात. लक्ष्मीबाई पतीला शरण गेल्या असत्या तर १८९५ मध्येच सारे आटोपले असते. त्या देवाला शरण गेल्या आणि त्यासाठी आधी पतीशी, नातलगांशी आणि स्वतःच्या संस्कारांशी वाद घालून मोकळ्या झाल्या. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रात हा वाद पुढेही थांबलेला दिसत नाही. हातचा पैसा गरजूला देऊन मोकळ्या होणाऱ्या पतीवर त्या चिडतात, भांडतात, आणि त्याच घरात पोरक्या मुलांना आईसारख्या वाढवतात. तर्क आणि तक्रार जिवंत ठेवूनही माणूस पूर्णपणे देवाचा होऊ शकतो, याचा इतका प्रांजळ पुरावा मराठीत दुसरा नाही, असे म्हणण्यास हरकत नाही.

टिळकांनी या भक्तीला भाषा दिली. नवविधा भक्ती, म्हणजे श्रवण-कीर्तनापासून आत्मनिवेदनापर्यंतच्या भक्तीच्या नऊ पायऱ्या, ही कल्पना त्यांच्या अंगात भिनलेली होती, आणि तुकोबांच्या अभंगांनीच आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणले अशी त्यांची धारणा होती. त्यांच्याही आधी कृष्णराव सांगळे यांनी नगर भागात ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली होती. टिळकांच्या भजनांनी त्या वाटेवर उपासनेला, म्हणजे सामुदायिक आराधनेला, येणाऱ्या निरक्षर शेतमजुरालाही स्वतःच्या बोलीत देवाशी बोलता येऊ लागले. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ ही बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांची बंधुमंडळी उभारण्यास घेतली. पण १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि ते काम अपुरे राहिले. त्यांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य मात्र लक्ष्मीबाईंनी चौसष्ट अध्याय रचून पुढे नेले.

टिळक दांपत्याची नावे ग्रंथांत राहिली. ज्या घरांची नावे कुठेच नाहीत त्यांचे समर्पण पिठाच्या डब्याशी घडत आले. नगर जिल्ह्यातील अनेक मंडळ्यांत मूठ काढण्याची रीत होती आणि काही ठिकाणी ती आजही आहे. भाकरीचे पीठ परातीत घेतले की त्यातील एक मूठ देवासाठी वेगळ्या गाडग्यात टाकायची आणि रविवारी ते पीठ किंवा धान्य उपासनेत अर्पण करायचे, असा तिचा साधा क्रम. प्रस्तुत लेखकाच्या घरी ही मूठ १९७२ च्या दुष्काळातही चुकली नाही. आई दिवसभर रोजगाराच्या कामावर खडी फोडत असे, घरात तांबडी मिलो ज्वारी येत असे, तिच्या भाकरीला चवही नव्हती आणि चिवटपणाही नव्हता. तरी थापायला बसण्याआधी आईचा दगडाच्या कपच्यांनी चिरलेला हात आधी गाडग्याकडे जाई. वडील एकदा म्हणाले, ‘‘अगं, देवाला कळतंय आपल्याकडं किती आहे ते.’’ त्यावर ती म्हणाली, ‘‘त्याला कळतंय म्हणूनच काढते. त्याच्यापुढं लपवायचं काय?’’ त्याच महिन्यात कामावरच्या मुकादमाने हजेरीत खाडा मांडला तेव्हा हीच बाई चार बायकांना घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली आणि मजुरी पुरी घेऊनच घरी आली.

मूठ काढणे आणि मुकादमाला जाब विचारणे या दोन्ही कृती एकाच श्रद्धेतून निघाल्या, असे पुढे अनेक वर्षे त्या घरात आणि त्या मंडळीत वावरल्यानंतर प्रस्तुत लेखकाचे मत झाले आहे. जे आपले आहे ते देवाचे मानले की ते हिसकावणाऱ्याचे भय उरत नाही, आणि ज्याच्यापुढे गुडघे टेकायचे तो एकदा ठरला की इतरांपुढे ते टेकवत नाहीत. सवर्ण घरातून आलेल्या लक्ष्मीबाईंना समर्पणासाठी अभिमान टाकावा लागला, तर गावकुसाबाहेरून आलेल्या कुटुंबांना भय टाकावे लागले. किंमत वेगळी होती, पण ती एकदाच चुकती करून कोणाचीच सुटका झाली नाही.

भक्तीचे सामुदायिक सोहळे या जिल्ह्यात थोडे नाहीत. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावच्या मतमाऊलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला सप्टेंबरात दूरदूरचे कॅथलिक भाविक लोटतात, आणि अनेक मंडळ्यांत हंगामाच्या उपासनेला आलेल्या अर्पणाचा, म्हणजे पहिल्या भाज्यांचा, कोंबड्यांचा, धान्याच्या पोत्यांचा, लिलाव होऊन ती रक्कम मंडळीच्या कामी लागते. या सोहळ्यांचे मोल आहेच. परंतु समर्पणाची कसोटी आठवड्याच्या मधल्या दिवसांत, उधारी, आजारपण आणि भाऊबंदकी यांच्यात लागते, आणि तिथे ना वाद्ये असतात ना पाहणारे.

अलीकडे काही व्यासपीठांवरून समर्पणाचा अर्थ पत्नीने पतीपुढे आणि सभासदाने पाळकापुढे, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूपुढे, गप्प राहणे असा सांगितला जातो. हा अर्थ नगरच्या परंपरेला धरून नाही आणि तो नाकारला पाहिजे. मंडळ्यांनी आपल्या महिला सभांतून ‘स्मृतिचित्रे’ मोठ्याने वाचावे, विशेषतः १८९५ ते १९०० या वर्षांविषयीचा भाग, आणि त्या वाचनाला पाळकांनीही श्रोते म्हणून बसावे.