शिमग्याचे पोस्त

होळी चार दिवसांवर आली की जव्हारहून मोखाड्याकडे जाणाऱ्याने खिशात सुटे पैसे घेऊनच निघावे, असा इकडचा रिवाज आहे. ठिकठिकाणी मुले रस्त्याला आडवी दोरी धरून उभी असतात. दोरी म्हणजे बहुधा घरच्या बैलाचे दावे. गाडी थांबली की चारपाच हात खिडकीशी येतात आणि शिमग्याचे पोस्त मागतात. कोणी पाच रुपये देतो, कोणी दहा. त्र्यंबकेश्वरला किंवा शिर्डीला निघालेला एखादा भाविक पन्नासाची नोट काढतो. एखादा काच वर करून भोंगा वाजवीत बसतो. पाण्याचा टँकर आला की मात्र दोरी आपोआप खाली जाते. टँकरवाल्याकडे पोस्त मागत नाहीत. मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईला जाते आणि धरणाच्या आसपासचे पाडे फाल्गुनातच टँकरची वाट पाहू लागतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या सवलतीचे कारण वेगळे सांगायला नको.

शहरातून येणाऱ्या काही सज्जनांना हा प्रकार आवडत नाही. मुलांना भीक मागण्याची सवय लागते, असे ते म्हणतात. वळणावर दोरी ताणणे धोक्याचे आहे, ही त्यांची तक्रार रास्त आहे. दुचाकीवाल्याला दोरी दिसली नाही तर अनर्थ होईल, म्हणून घाटाचे वळण सोडून सरळ रस्त्यावर उभे राहा, असे मीही मुलांना दरवर्षी बजावतो. पण भिकेचा आरोप मला पटत नाही. भिकारी दुसऱ्याच्या दयेवर मागतो. पोस्त हा सणाचा हक्क आहे, आणि तो केवळ डोंगरातला नव्हे. कोकणात शिमग्याची सोंगे दारी आली की त्यांनाही पोस्त द्यावे लागतेच. आपल्याकडे कॅरोल गात घरोघर फिरणाऱ्या मुलांच्या हातावर आपण काही ठेवतो, त्याला कोणी भीक म्हणत नाही.

मला कुतूहल आहे ते पुढच्या भागाचे. दिवसभर जमलेल्या पैशांचे ही मुले काय करतात?

मी मूळचा वसईचा. या डोंगरात येऊन आता बरीच वर्षे झाली. एका पाड्यावरची वाटणी मी अनेकदा जवळून पाहिली आहे. दिवस मावळू लागला की मुले मोहाच्या झाडाखालच्या सपाट खडकावर जमतात. प्रत्येक जण आपापला खिसा, मूठ, ओच्याची गाठ खडकावर रिकामी करतो. नोटा एकीकडे, नाणी एकीकडे. त्यांतला मोठा मुलगा मोठ्याने मोजतो आणि बाकीची मुले डोळ्यांत तेल घालून बघतात. मग डोकी मोजली जातात. चार वर्षांचे एक शेंबडे पोर दिवसभर नुसते दोरीला लोंबकळत होते, त्यालाही पुरा वाटा मिळतो. दुपारी आईबरोबर हंडा घेऊन विहिरीवर गेलेल्या मुलीला अर्धाच वाटा द्यावा, असे एका वर्षी कोणी सुचवले. बराच वेळ हुज्जत झाली. पाणी सगळ्यांनीच प्यायले, हा मुद्दा अखेर मान्य झाला आणि तिला पुरा वाटा मिळाला. ज्याच्या घरचे दावे आणले असेल त्याला दोरीचा म्हणून एक वाटा जादा. राहिलेल्या दोनतीन रुपयांच्या गोळ्या.

या मुलांना कोणी सहकाराचे धडे दिलेले नाहीत. भांडणे होतात, क्वचित गुद्देही बसतात. पण कोणाच्या हिश्शाचे किती, हे सर्वांना दिसते. खडकावरून उठताना कोणाच्या मनात शंका राहत नाही.

आता वसईकडे वळतो. आमच्याकडे मुलांचा पैसा नाताळात येतो. मिस्सा आटोपून नातलगांच्या घरी जाणे सुरू झाले की मामा, आत्या, धर्मपिता, धर्ममाता आणि आखातातून सुटीवर आलेला काका मुलांच्या हाती पाकिटे ठेवतात. पाकीट पुरते उघडलेही नसते तोच आई हात पुढे करते. ‘दे इकडे, हरवशील. मी बँकेत ठेवते.’ आईचा हेतू चांगला असतो, आणि ती खरोखरच ठेवतेही. मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने ज्या समाजाने १९१८ साली आपली सहकारी संस्था सुरू केली आणि तिची पुढे बॅसीन कॅथॉलिक बँक झालेली पाहिली, त्या समाजाला काटकसर शिकवायला मी कोण?

तरीही एकदा सुटीत तिकडे गेलो असता धर्मशिक्षणाच्या वर्गात मी मुलांना विचारले, ‘नाताळात तुम्हांला मिळालेले पैसे आता कुठे आहेत?’ वर्गभर एकच उत्तर आले, ‘मम्मीला माहीत.’ एक मुलगा म्हणाला, ‘फादर, माझ्या पैशांचा फ्रीज झाला.’ सगळा वर्ग हसला, तोही हसला. घरात फ्रीज आला याचा त्याला आनंदच होता. पण फ्रीज घ्यावा की सायकल, हे त्याला कोणी विचारले नव्हते. दहा वर्षांवरील मुलाला बँकेत स्वतःच्या सहीने खाते चालवता येते, अशी मोकळीक रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये दिली आणि २०२५ मध्ये पुन्हा स्पष्ट केली. कायदा मुलावर जेवढा विश्वास टाकायला तयार आहे, तेवढा आपण घरात टाकत नाही.

होळी बहुधा आपल्या प्रायश्चित्तकाळातच येते. इकडे मुले दोरी धरून उभी असतात, त्याच दिवसांत वसईच्या मुलांच्या हाती आपण गोरगरिबांसाठी पुठ्ठ्याची पेटी देतो. मुले ती पेटी आईकडे नेतात आणि आई तिच्यात नोट घालते. १८४३ साली फ्रान्समधील नान्सीचे बिशप शार्ल द फोर्बें-जान्सों यांनी बालकांची मिशन संघटना सुरू केली, तेव्हा त्यांनी मुलांकडून महिन्याला एक लहानसे नाणे आणि रोज एक ‘नमो मरिया’ एवढेच मागितले होते. बिशपांना मोठ्या रकमा हव्या असत्या तर त्यांनी थेट आईबापांकडेच शब्द टाकला असता. नाणे मुलाच्या हातून सुटायचे असेल तर ते आधी त्याच्या हाती असावे लागते.

मोखाड्याच्या मुलांचे कौतुक करून मी वसईच्या आईबापांना टोचतो आहे, असे कोणी समजू नये. इकडच्या मुलांच्या हाती पैसा दिसतो त्याची दुसरी बाजूही आहे. दिवाळी आटोपली की पाडे ओस पडतात. घरेच्या घरे भिवंडी, कल्याण आणि आमच्या वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. निघण्यापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. इकडे तिला बयाणा म्हणतात. दिवाळीचा नवा सदरा, लुगडे, दुकानाची उधारी, सारे त्यातूनच भागते. भट्टीवर आठवड्याला पोटापुरती खर्ची मिळते. होळीला ही माणसे चार दिवस घरी येतात, सण करतात आणि पुन्हा भट्टी गाठतात. पाऊस तोंडावर आला की हिशोब होतो. हजारी दर किती, विटा किती पडल्या, किती फुटल्या, अवकाळी पावसाने किती भिजल्या, खर्ची किती गेली, हे सारे मुकादमाच्या वहीत असते आणि वही मुकादमाच्या पिशवीत. पुष्कळदा हिशोबाअंती मजुरावरच बाकी निघते, आणि पुढच्या दिवाळीचा बयाणा त्या बाकीवर चढतो.

या जिल्ह्याला अशा वहीचा इतिहास आहे. लग्नासाठी कर्ज काढलेला वारली जमीनदाराचा ‘लग्नगडी’ होई आणि त्याच्याबरोबर त्याची बायकोही राबे. १९४५ च्या वारली आंदोलनाने ती पद्धत मोडली. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ते सारे लिहून ठेवले आहे. आपल्या वाचकांपैकी अनेकांना त्यांची राजकीय मते रुचणार नाहीत. पुस्तक मात्र प्रत्येक घरात असावे. पुढे १९७६ साली वेठबिगारीविरुद्ध कायदाही झाला. उचल मात्र अजून चालू आहे.

एका होळीला मी एका घरी बसलो होतो. तेथील अकराएक वर्षांच्या मुलाने खडकावरून आणलेला आपला वाटा बापापुढे मोजून दाखवला आणि सहज विचारले, ‘बाबा, तुझे किती राहिले?’ बाप म्हणाला, ‘शेठला माहीत.’

वसईच्या वर्गातले उत्तर मला तेव्हा आठवले. आईची माया आणि शेठची वही एका तागडीत घालण्याइतका मी अविचारी नाही. पण आपल्या पैशाचा आकडा दुसऱ्याला विचारण्याची सवय लहानपणी लागली तर ती मोठेपणी कोठे जाऊन थांबेल, हे सांगवत नाही.

खर्चाविषयी थोडे सांगतो. अशा मुलांना बचतीवर व्याख्यान देण्याची हौस पुष्कळांना असते. मला ती नाही. मुले गारेगार खातात, रंग घेतात, प्लास्टिकचे घड्याळ घेतात, ते दोन दिवसांत बंद पडते आणि तरी महिनाभर मनगटावर राहते. शिमग्यामागोमाग मोखाड्यात बोहाडा असतो. रात्रभर सोंगे नाचतात, दुकाने लागतात, तेथे उरलेले पैसे संपतात. कोणी आजीसाठी तंबाखू घेतो, कोणी घरात तेल नाही हे ओळखून तेलाची पुडी आणतो. विहिरीवर गेलेल्या त्या मुलीने आपल्या वाट्यात दिवाळीपासून जपलेले थोडे पैसे घालून एक तलंग घेतली. चार दिवसांनी घरची माणसे भट्टीकडे परत निघाली, तेव्हा ती टेम्पोत बोचक्यांवर बसली होती आणि तलंग पदराखाली होती. पुढे तिने अंडी दिली की ती भट्टीवरच्या एखाद्या कुत्र्याने नेली, ते मला कळले नाही.

अलीकडे एक नवी अडचण आली आहे. गाडीवाले म्हणतात, सुटे नाहीत, मोबाइलवर पाठवतो. तेव्हा गेल्या होळीला या मुलांनी कोणाच्या तरी थोरल्या भावाच्या खात्याचा चौकोनी ठिपक्यांचा कागद पुठ्ठ्यावर चिकटवून दोरीला टांगला. पैसे बरे आले, पण संध्याकाळी खडक रिकामा. भाऊ म्हणाला, ‘उद्या देतो.’ मुले उठायला तयार होईनात. शेवटी त्याला मोबाइल काढून खडकावर ठेवावा लागला. एक मुलगी एकेक रक्कम मोठ्याने वाची आणि दुसरा मुलगा दर दहा रुपयांमागे एक खडा मांडी. खडे मोजून झाले तेव्हा पुनवेचा चंद्र मोहाच्या वर आला होता. तेवढे रोख पैसे किराणावाल्याकडून आणवून वाटणी झाली. भावाने मोबाइलचा म्हणून एक वाटा मागितला. दोरीला मिळतो तर मोबाइलला का नको, हे त्याचे म्हणणे. पुष्कळ चर्चा झाली. दोरी दिवसभर हाताने धरावी लागते, मोबाइल खिशात बसून राहतो, असे ठरून त्याला अर्धा वाटा देण्यात आला.