घाई नडली

2019 च्या मे महिन्यातील गोष्ट. शाळेच्या स्नेहसंमेलनाची चित्रफीत मला माझ्या जुन्या हार्ड डिस्कवर उतरवायची होती. डिस्कमध्ये भरपूर जागा होती. तरी संगणक म्हणे, फाइल फार मोठी आहे. मला नवल वाटले. कपाट रिकामे आणि सामान आत जाईना!

माझा धाकटा भाऊ संगणक दुरुस्त करतो. तो म्हणाला, "आपा, ही डिस्क फॅट 32 पद्धतीची आहे. हिच्यात 4 जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. एनटीएफएस पद्धतीत मावते."

मुलांनो, उर्दूची वही आपण उजवीकडून उघडतो आणि मराठीची डावीकडून. तसेच कोणती फाइल डिस्कवर कोठे आहे, हे लिहून ठेवण्याच्याही निरनिराळ्या पद्धती आहेत. तिला फाइल सिस्टिम म्हणतात. विंडोजमध्ये 'कन्व्हर्ट' नावाची आज्ञा आहे. ती फाइली न पुसता फॅट 32 ची एनटीएफएस करते. फाइली राहतात, नोंदवही मात्र नव्याने लिहिली जाते. उलट वाटेने नेणारी आज्ञा विंडोजमध्ये नाही.

"आपा, आधी फाइलींची नक्कल काढली ना?" भावाने विचारले.

"फाइली पुसल्या जात नाहीत, असे तूच म्हणालास ना?"

खरे म्हणजे दुसरी डिस्क आणायचा मला कंटाळा आला होता. भाऊ कामावर गेला आणि मी आज्ञा दिली. थोड्याच वेळात डोक्यावरचा पंखा थांबला. वीज गेली होती. उन्हाळ्यात आमच्याकडे हे नेहमीचेच, पण माझ्या ते ध्यानातच आले नाही. संगणकाला बॅटरीचा आधार नव्हता.

वीज आली, पण डिस्क उघडेना. नोंदवही अर्धवट राहिली होती.

त्या डिस्कवर अब्बांचा आवाज होता. अब्बा पॉवरलूमवर काम करीत. शेवटच्या आजारात त्यांनी सांगितलेल्या तीन गोष्टी मी मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या होत्या. तो मोबाइल केव्हाच बिघडला होता.

भावाने दोन रात्री जागून काढल्या. शेकडो छायाचित्रे परत मिळाली, पण त्यांची नावे गेली होती. अब्बांची एक गोष्ट पूर्ण मिळाली. दुसरी मध्येच तुटते. तिसरी मिळालीच नाही. भाऊ रागावला नाही. एवढेच म्हणाला, "नक्कल असती तर कन्व्हर्टची गरजच नव्हती. डिस्क नव्याने फॉरमॅट करून फाइली परत ठेवल्या असत्या."

अम्मींना मी बरेच दिवस काही सांगितले नाही. सांगितले तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "कोणती गोष्ट गेली?"

"बोलणाऱ्या विहिरीची."

"ती मला येते," अम्मी म्हणाल्या. "पण त्यांच्यासारखी नाही यायची."

मी मोबाइल त्यांच्यापुढे ठेवला. त्याच रात्री त्या फाइलीच्या दोन नकला केल्या. एक माझ्याकडे, एक भावाच्या घरी.