निर्लेखित इंजिनांचे दर्शन

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकापासून एडिनबरापर्यंतचा लोहमार्ग एकेकाळी ‘डेल्टिक’ डिझेल इंजिनांनी गाजवला. १९६१-६२ मध्ये सेवेत आलेल्या अवघ्या २२ इंजिनांनी वाफेच्या ५५ इंजिनांची जागा घेतली. प्रत्येकात अठरा सिलिंडरांची दोन यंत्रे, मिळून ३३०० अश्वशक्ती. वेग ताशी शंभर मैल. कित्येकांना शर्यतीच्या घोड्यांची नावे होती! वीस वर्षांत त्यांचे खाते बंद झाले. बहुतेक भंगारात निघाली, सहा तेवढी वाचली. एक राष्ट्रीय संग्रहालयात गेले, उरलेली हौशी मंडळींनी राखली.

१९९६ मध्ये त्यांतील एक पुन्हा मुख्य मार्गावर सहलीची गाडी ओढू लागले. सुटे भाग दुर्मीळ, दुरुस्ती खर्चिक. कोणताही काटेकोर मुनीम हा व्यवहार मंजूर करणार नाही. तरीही फलाटाच्या टोकाशी वृद्ध गृहस्थ नातवंडांसह तासभर आधी येऊन उभे राहतात. इंजिन जोर धरते, धुराड्यात साचलेले तेल जळून धुराचा लोट उसळतो आणि क्षणभर पूलही दिसेनासा होतो. गाडी वळणाआड गेल्यावरही कोणी हलत नाही. त्या घुमणाऱ्या आवाजाची शेवटची लहर अजून यायची असते.