माळ्यावरची मेमरी

बँकेच्या तिजोरीत लाखो रुपये असोत, काउंटरवर सुटे नसले की गिऱ्हाईक खोळंबतंच. जुन्या डॉसचा कारभार अगदी अस्साच! १९९५च्या सुमारास माझ्या मित्राच्या पीसीत मेमरी चांगली चार एमबी. पण १९९१ सालचा ‘सिव्हिलायझेशन’ सुरू करायला जावं तर उत्तर ठरलेलं : जागा नाही. कारण त्याला हवी पहिल्या ६४० केबीतलीच जागा. तिथपासून एक एमबीपर्यंतचा पट्टा १९८१च्या आयबीएम पीसीपासून पडदा आणि बायोससाठी राखीव. (राखीव प्लॉटवर रिकामी जागा किती असते, हे तुम्हांला मी काय सांगावं!)

मग आवराआवर सुरू. ‘हिमेम’ म्हणजे माळ्याची शिडी. ती लावून कॉन्फिग फाइलीत ‘डॉस=हाय’ लिहिलं, की खुद्द डॉसचं बरंचसं बिऱ्हाड वर. राखीव पट्ट्यातल्या फटींची किल्ली ‘ईएमएम३८६’कडे. तिथे आधी मोठी ट्रंक चढवायची, मग गाठोडी. उलट केलंत तर ट्रंक खालीच लोळते. सीडीचा ड्रायव्हर सरळ घराबाहेर. पण माऊस? त्याला काढलं तर सैन्य हलवताना बोटं मोडतात, ठेवलं तर सैन्यच येत नाही! पंधरा केबींसाठी आम्ही दोघे दुपारभर भांडलोय. तेवढ्यात मित्राचे वडील ऑफिसातून यायचे आणि साम्राज्य स्थापनेआधीच बुडायचं.

आता डॉसबॉक्स हे सगळं आपसूक करतो. माझा मुलगा थेट खेळायलाच बसतो. मी मात्र आधी ‘मेम’ टाइप करतो. सहाशेच्या वर केबी मोकळी दिसते. तेव्हा एवढी मिळाली असती तर आम्ही आळीत पेढे वाटले असते.