मोज्यांचा एकच जोड

आमच्या जळगावात पायमोजा ही वस्तू पोशाखात मोडत नाही, प्रायश्चित्तात मोडते. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात गेला, की माणूस डोक्याला उपरणे गुंडाळतो, खिशात कांदा ठेवतो आणि पायांतले जे काढता येईल ते काढून टाकतो. मी छत्तीस वर्षे मास्तरकी केली. त्या काळात मोजे चढवले ते तपासणीला साहेब येत त्या दिवशी, आणि एकदा स्वतःच्या लग्नात. लग्नातले मोजे सासऱ्यांनी दिले होते आणि ते इतके घट्ट होते, की वरातीत मी घोड्यावर बसलो तो हौसेने नव्हे, चालवेना म्हणून.

अशा माणसावर गेल्या दिवाळीत बर्फावरचे मोजे निवडण्याची पाळी आली.

माझी नात पुण्याला शिकते. वसुबारसेला ती घरी आली आणि खांद्यावरची पिशवी उतरवण्याआधीच म्हणाली, "आबा, जानेवारीत मी गुलमर्गला स्कीइंग शिकायला जाणार." तिची आजी चकल्या तळत होती. झारा कढईवर तसाच राहिला. मग नातीने आम्हां दोघांना समजावून सांगितले, की स्कीइंग म्हणजे दोन्ही पायांना दोन लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरणे. तिची मैत्रीण स्नोबोर्डिंग शिकणार होती. त्यात एकाच रुंद फळीवर दोन्ही पाय आडवे बांधून घसरायचे असते. आजीने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "अगं, पण घसरायला एवढ्या लांब कशाला जायचे? आपली मोरी काय वाईट आहे?"

नात हसली. तिने आम्हांला गुलमर्गच्या पायथ्याशी वाढलेल्या आरिफ खानची गोष्ट सांगितली. २०२२ साली बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा तो एकुलता एक खेळाडू होता. आजीचा विरोध निम्म्यावर आला. उरलेला निम्मा थंडीपुरता होता. आमचे जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर, आणि गुलमर्ग सुमारे २६५० मीटरवर. मधल्या सगळ्या मीटरांची थंडी आजीला तिथेच, कढईशेजारी बसल्या बसल्या वाजू लागली.

नातीजवळ सामानाची यादी होती. तीत "मोजे – दोन जोड" असे लिहिलेले पाहून मी म्हटले, "हे माझ्याकडे लागले." धनत्रयोदशीला लोक सराफ बाजारात गेले, मी फुले मार्केटात गेलो. सहा जोड घेतले. अस्सल सुती, जाड, आतून टॉवेलसारखे लुसलुशीत, आणि मापाला थोडे मोठेच. थंडीत सैल बरे, असा माझा हिशेब. एका वेळी तीन चढवायचे, तीन वाळत घालायचे. सुती घेतल्याचा तर मला अभिमानच होता. ज्या मुलखात दिवाळीनंतर जिनिंगच्या दारांशी कापसाच्या गाड्यांची रांग लागते, तिथल्या पोरीच्या पायांत दुसरे काय शोभणार?

नातीने ते सहाही जोड सतरंजीवर ओळीने मांडले. मला वाटले, आता नमस्कार करील. ती म्हणाली, "आबा, रागावणार नसाल तर एक गंमत करू या?"

ती गंमत नरकचतुर्दशीच्या पहाटे झाली. अभ्यंगस्नान आटोपून मी ओट्यावर बसलो होतो. तिने माझ्या डाव्या पायात माझा सुती मोजा घातला, उजव्या पायात पुण्याहून आणलेला तिचा लोकरीचा. दोन्ही तिने थोडे थोडे ओले करून आणले होते. जळगावची ती पहाट म्हणजे काही गुलमर्ग नव्हे. तरीही पाच-दहा मिनिटांत डावा पाय गार पडला, आणि उजवा आपला ओल विसरून स्वस्थ होता. "बर्फात पाय बाहेरून भिजतो त्याहून जास्त आतून भिजतो," ती म्हणाली. "घामाने. कापूस तो घाम पितो आणि धरून बसतो. लोकर आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत बाष्प पोटात घेते, तरी ओली लागत नाही."

मला साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळांची आठवण झाली. भर पावसात घोंगडी पांघरून ते मेंढरांमागे उभे असतात. घोंगडी वरून भिजते, आत माणूस उबेला असतो. हेच ज्ञान पुण्याहून यायला नको होते. फक्त घोंगडी टोचते आणि हा मोजा टोचत नव्हता. त्याचेही कारण नातीला ठाऊक होते. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ असते. मोज्याची लोकर मेरिनो मेंढीची, माणसाच्या केसाहून कितीतरी बारीक. शिवाय मोजा झिजू नये म्हणून तीत थोडे नायलॉन आणि घसरू नये म्हणून थोडा ताणणारा धागा मिसळलेला असतो.

कापसाच्या बाबतीत मी हार मानली. पण संख्येच्या बाबतीत मानायला तयार नव्हतो. ती म्हणे, एका वेळी एकच जोड घालायचा. बरे, तोही पायाला चोपून बसणारा. पाय मोजून घेतलेला, बुटाच्या आकड्यावरून अंदाजाने नव्हे. टाच टाचेवर आली पाहिजे, कुठे सुरकुती नको, बोटांवरची शिवण हाताला लागता नये. लांबीला तो पोटरी झाकून गुडघ्याच्या खालपर्यंत हवा. कारण स्कीचा बूट कडक प्लॅस्टिकचा आणि नडगीपर्यंत उंच असतो, आणि त्याच्या काठाला उघडी कातडी लागली की सोलून निघते. आतल्या गरम विजारीचे टोकसुद्धा बुटात खोचायचे नाही. बुटात जायचा तो फक्त पाय आणि मोजा. नडगीवर आणि टाचेवर विणीतच थोडी गादी, बाकी पातळ. मैत्रिणीचे स्नोबोर्डचे बूट त्या मानाने मऊ, आवळून बांधायचे. म्हणून तिचा मोजा किंचित जाड चालतो. पण जोड तिचाही एकच.

"थंडी एवढी आणि मोजा एवढासा?" आजीने माझी बाजू घेतली. "दुसरा जोड वरून चढवलास तर कोण तुला पकडायला येणार आहे?"

नात गप्प झाली. तिची बॅग भरताना आजी आतल्या कप्प्यात माझे सुती मोजे हळूच सरकवणार, हे आम्हां तिघांनाही माहीत होते.

भाऊबीजेला आम्ही दर वर्षी एरंडोल, पारोळा करीत धुळ्याला जातो. माझी बहीण तिथे असते आणि तिच्याच गल्लीत माझे काका राहतात. त्यांना लहानथोर सारे जिभाऊ म्हणतात. वय शहाऐंशी. लष्करातून निवृत्त होऊन त्यांना जमाना झाला, पण अजून भल्या पहाटे उठून पांझरेच्या काठाने चालून येतात. चालताना डावा पाय किंचित फेकतात. त्या पायाची दोन बोटे नाहीत. लहानपणापासून आम्हांला सांगण्यात आले होते, की पलटणीत असताना पायावर पेटी पडली.

फराळाच्या वेळी आजीने त्यांच्यापुढेच फिर्याद मांडली. जिभाऊंनी हातातली करंजी ताटलीत ठेवली. नातीकडे पाहून विचारले, "कितला जोड घालशी, पोरी?"

"एक, मोठे आबा."

"घाल बरं, पाहू दे."

तिने मोजा चढवला. म्हातारा पाटावर वाकून बसला. टाचेवरून त्यांनी अंगठा फिरवला, घोट्याशी सुरकुती आहे का ते चाचपले, बोटांच्या टोकाशी कापड गोळा झाले आहे का ते चिमटीत धरून पाहिले. मग म्हणाले, "आते बोटे हालव." तिने हलवली. जिभाऊ बराच वेळ त्या हलणाऱ्या बोटांकडे पाहत राहिले. नंतर मला म्हणाले, "पलंगाखालची ट्रंक ओढ."

ट्रंकेत तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक लोकरी मोजा होता. करड्या रंगाचा, हाताने विणलेला. मी तो पाहताक्षणी ओळखला. कारण त्याच्या लोकरीची लड मी स्वतः दोन हातांवर धरून बसलो होतो. १९६२ साल. चीनने हल्ला केला तो २० ऑक्टोबरला, आणि आठवडाभरात दिवाळी आली. मी नऊ वर्षांचा होतो. त्या दिवाळीत घरोघरी बायका जवानांसाठी लोकर विणत होत्या. माझी आजी, जिभाऊंची आई, आम्ही तिला माय म्हणत असू. तिचा मुलगा लडाखात होता. तिने दोन जोड विणले. पाय समोर नव्हता, म्हणून घरी राहिलेल्या त्याच्या चपलेवर माप धरून टाच वळवली.

"मायच्या मोज्यात खोट नव्हती," जिभाऊ म्हणाले. "माप बरोबर, वीण घट्ट. पार्सल मिळाले तेव्हा लढाई थांबली होती, पण जानेवारीची थंडी काय लढाईला विचारून येते? दोन जोड होते. एक घालायचा म्हणजे एक ठेवून द्यायचा. कोणता ठेवू? मायने दोन्ही सारख्याच हातांनी विणलेले. मी दोन्ही घातले, एकावर एक. बुटात पाय जाईना, तो दाबून घातला. नाड्या आवळल्या. पहिल्यांदा कळ आली. मग कळ थांबली. मला वाटले, ऊब आली."

पुढचे त्यांना इस्पितळात डॉक्टरांनी समजावले. मोज्याला स्वतःची ऊब नसते. ऊब रक्ताची, मोजा ती नुसती राखून ठेवतो, तीही धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेच्या जोरावर. पाय दाबून कोंबला, की हवाही दबते आणि रक्तही बोटांपर्यंत पोहोचत नाही. गारठ्यात शरीर आधीच बोटांकडचे रक्त आखडून घेत असते. त्यात आपण आवळायचे. तीन मोज्यांतला पाय एका मोज्यातल्या पायाहून लवकर गोठतो तो असा.

"मायला सांगितले नाहीत?" माझ्या बायकोने विचारले.

"कसे सांगणार? रजेवर आलो तर दारातच विचारले तिने, मोजे कामास आले का? म्हटले, आले, माय. पायाचे विचारले, तर पेटी पडली म्हटले. ती जाईपर्यंत दर हिवाळ्यात विणायची. मी दर हिवाळ्यात घ्यायचो."

कोणी काही बोलले नाही. अमळनेरच्या शाळेत मास्तरकी केलेल्या साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मध्ये श्यामचे ओले पाय मातीने मळू नयेत म्हणून आई आपले लुगडे पसरते. तो धडा मी मुलांना किती वेळा शिकवला असेन. पाऊल जपण्यासाठी पसरावे लागते, आवळून चालत नाही, हे मात्र मला त्या दिवशी त्या ओट्यावर उमगले.

जिभाऊंनी मोजा पुन्हा कागदात गुंडाळला आणि नातीला शिपाईगिरीतल्या चार गोष्टी सांगितल्या. बूट भाड्याने घेशील तेव्हा हाच मोजा घालून घे. खोलीत घातलेला मोजा बाहेर नेऊ नको. निघताना कोरडा चढव. दुसरा जोड पायात नाही, अंगाजवळच्या खिशात ठेव. पहिला ओला झाला, की बदल. झोपायचा मोजा वेगळा. धुताना गार पाणी, पिळायचे नाही, शेगडीवर वाळवायचे नाही. आणि कळ थांबली म्हणून खूश होऊ नको. थांबून बोटे हालवून पाहा.

परतताना गाडीत आजी पारोळ्यापर्यंत एक शब्द बोलली नाही. पारोळ्याला म्हणाली, "ते सहा जोड तुम्हीच वापरा आता." वापरतो आहे. डिसेंबरात धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांवर उतरतो तेव्हा आम्ही जळगावकरही भरताची वांगी शेकोटीवर टाकून हातपाय शेकत बसतो. तेवढ्या थंडीला ते पुरतात. एका वेळी एकच जोड घालतो.

जानेवारीत एका संध्याकाळी माझ्या मोबाईलवर गुलमर्गहून छायाचित्र आले. मागे बर्फ, पुढे काढून ठेवलेले अजस्र बूट, आणि त्यांच्याशेजारी करड्या मोज्यांतले दोन पाय. खाली लिहिले होते : "आज अकरा वेळा पडले. मोठे आबांना सांगा, बोटे हलतात."

मी धुळ्याला फोन लावला. जिभाऊंनी ऐकले. विचारले, "धाही?"

"दहाही, जिभाऊ."

पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. त्यांच्या खोलीत, पलंगासमोरच्या भिंतीवर मायचा फोटो आहे. मग ते सावकाश म्हणाले, "मंग आते मायले सांगाले हरकत नही."