चाळीस गॅलन पाणी

तुम्ही रात्री कितीदा उठता, हे मी बाबांना कधीच विचारलं नव्हतं. मुलगी बापाला असलं काही विचारत नाही, आणि बाबा आपणहून सांगणाऱ्यांतले नाहीत.

बेत साधा होता. आई-बाबा सप्टेंबरात नाशिकहून मिनियापोलिसला येणार आणि आम्ही तिघं तीन रात्रींसाठी इटास्का स्टेट पार्कला जाणार. इथून सुमारे २२० मैल उत्तरेला, १८९१ साली स्थापन झालेलं, मिनेसोटातलं सर्वांत जुनं स्टेट पार्क. तिथल्या इटास्का तलावातून मिसिसिपी निघते, आणि उगमापाशी ती इतकी लहान असते की पोरंसोरंसुद्धा दगडांवर पाय ठेवत पलीकडे जातात. पुढे अडीच हजार मैल वाहणारी हीच ती नदी, यावर विश्वास बसत नाही.

मी सात वर्षांची असताना बाबांनी मला त्र्यंबकेश्वरला, ब्रह्मगिरीवर गोदावरीचा उगम बघायला नेलं होतं. पायऱ्या संपेनात म्हणून मी रडायला लागले, तेव्हा त्यांनी मला खांद्यावर घेतलं आणि तसेच वर चढले. आता एक नदी मला त्यांना दाखवायची होती. आणि ती याच वर्षी, कारण माझं पोस्टडॉक डिसेंबरात संपतंय. पुढचं गाव कुठलं, देश तरी कुठला, काही ठरलेलं नाही.

मी तंबू धरून चालले होते. यादी आईला पाठवली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, तोही बाबा भाजी आणायला गेल्याची वेळ साधून.

"अगं, त्यांना रात्री चार-पाच वेळा उठावं लागतं. अंधारात तंबूतून कुठे जाणार ते? आणि दिवसासुद्धा तासभर निभत नाही. गेली दोन वर्षं 'तिकडे काय बघायचंय' म्हणतात ना, ते विमानाच्या धास्तीनं."

दोन वर्षं मी त्यांच्यावर रुसले होते.

पार्कात लॉज आहे, पण साडेतीन-चार तासांच्या रस्त्याचं काय? मग आरव्हीचा विचार सुरू झाला. चाकांवरचं घर, लागलं की गाडी बाजूला घ्यायची, मागे जायचं. पंचवीस फुटी गाडी माझ्या साध्या लायसन्सवर चालवता येते. बाबांना मी कारण सांगितलं ते वेगळंच: "आईला स्वयंपाकघर हवंय." आईनेही इमानेइतबारे मान डोलावली.

पण बाबा महापालिकेच्या मलनिस्सारण विभागातून निवृत्त झालेले इंजिनिअर. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो नेमका नको तिथे बोट ठेवणारा. "संडासचं पाणी जातं कुठे?"

सांगावं लागलं. गाडीच्या पोटात तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, एक सिंक आणि शॉवरच्या सांडपाण्याची, एक मैल्याची. कॅम्पिंगच्या जागेवर वीज मिळते, ड्रेनेज नाही. निघताना पार्कातल्या डम्प स्टेशनवर जाऊन टाक्या रिकाम्या करायच्या.

"कोण करणार?"

"मीच. हातमोजे घालायचे, पाइप जोडायचा, व्हॉल्व्ह ओढायचा."

स्क्रीनवर बाबा गप्प. मग म्हणाले, "आयुष्यभर गावाचं वाहून नेलं मी. आता माझं तू वाहायचं?" आणि फोन आईच्या हातात देऊन उठून गेले.

आईने सांगितल्याचं त्यांना कळलं होतं.

चार दिवस ते फोनवर आले नाहीत. बेत मोडलाच असं धरून मी हॉटेलं बघायला लागले. पाचव्या दिवशी पहाटे, म्हणजे त्यांच्या संध्याकाळी, मेसेज: "आधी कुठली टाकी सोडायची?"

मी लिहिलं, "मैल्याची. मग सांडपाण्याची."

लगेच उत्तर आलं. "बरोबर. म्हणजे दुसऱ्या पाण्याने पाइप धुतला जातो. चांगल्या पाण्याची टाकी केवढी?"

चाळीस गॅलन, साधारण दीडशे लिटर. मग त्यांचा हिशोब सुरू झाला. नोकरीत शहराच्या योजना माणशी रोज १३५ लिटर धरून करायचे. इथे तीन माणसं, तीन दिवस, म्हणजे माणशी सतरा लिटरसुद्धा नाही. आंघोळी पार्कातल्या शॉवरला, भांडी आधी कागदाने पुसून मग धुवायची, आईने डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी मोजायचं. उगमाशी आधी दलदल होती, १९३० च्या दशकात पात्र सरळ करून दगडांखाली छोटा बांध घातला, हे मी सांगितल्यावर तर त्यांनी बांधाची उंचीच विचारली. मला माहीत नव्हती. "जाऊन बघू," म्हणाले. पहिल्यांदाच "बघू", "बघ" नाही.

इथल्या स्टेट पार्कांचं बुकिंग १२० दिवस आधी उघडतं. मे महिन्यात त्या सकाळी लॅबमधला प्रयोग अर्धा टाकून मी विजेची सोय असलेली जागा मिळवली. विमानात मार्गिकेलगतची, शौचालयाजवळची सीट मागताना मात्र बाबांना खोटं कारण सांगितलं नाही.

काल त्यांनी यादीचा फोटो पाठवलाय. ड्रॉइंगवर काढतात तशा त्यांच्या रेखीव अक्षरात, आकडे घालून. हातमोजे, दोन जोड. पाइप गळतो का, भाड्याने घेतानाच तपासणे. सरपण नाशिकहून आणायचं नाही, हा विनोद; बाहेरचं लाकूड नेलं तर त्यातून झाडांची कीड पसरते, म्हणून ते तिथलंच विकत घ्यावं, हे मी सांगितलं होतं. आणि सगळ्यात शेवटी, अकराव्या क्रमांकावर:

"रात्री उठण्यासाठी छोटा दिवा. माझ्यासाठी."